ऱ्हाइनच्या धबधब्यापाशीं दीड तास

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलामुलींचीं प्रवासवर्णनें बहुधा एकाच सुरांत लिहिलेलीं असतात. पाठीवर पिशवी, खिशांत मोजके पैसे, आगगाडींतली झोप आणि नव्या शहरांचीं नांवें. मींहि तसे प्रवास केले आहेत. त्यांचें वर्णन करून वाचकांचा वेळ मी घेणार नाहीं. परंतु २०२३ सालच्या मे महिन्यांत मीं एक चार दिवसांचा प्रवास केला, तो एखादें स्थळ पाहावयाचें म्हणून नव्हे, तर माझ्याच आईबाबांना भेटावयाचें म्हणून; आणि ती भेट ठरली होती स्वित्झर्लंडांतील एका धबधब्यापाशीं, दुपारीं अडीच ते चार ह्या वेळांत. असल्या ठिकाणीं, घड्याळ लावून, आमच्या घराण्यांत पूर्वीं कोणी कोणाला भेटलें नसावें.

आमचें घर वाईस, गणपतीच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर. घरांत आजी, आईबाबा, काका-काकू व त्यांचीं मुलें असे आम्ही सारे एकत्र राहणारे. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यांत, धोम धरणाच्या कालव्यांवर गेली. 'क्युसेक' हा शब्द माझ्या वयाच्या मुलींना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, पण आमच्या पंगतीला तो मिठाइतकाच नेहमींचा असे. पुढें मींहि पाण्याचाच अभ्यास धरला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्यें जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील फ्रायबुर्ग ह्या गांवीं जलविज्ञान शिकावयास गेलें. तेथील विद्यापीठ १४५७ सालचें. जुन्या पेठांतून रस्त्यांच्या कडेनें हातभर रुंदीचे दगडी पाट वाहतात, आणि परक्या माणसाचा पाय चुकून त्यांत पडला तर त्याचें लग्न ह्याच गांवांत होतें, असें गांवकरी हंसत हंसत सांगतात. माझा पाय दोनदां पडला. फोनवर हें सांगितलें तेव्हां आजी म्हणाली, "मग चपला जरा जपून घालीत जा."

आजी २०२१ च्या एप्रिल-अखेर गेली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. पण ती गेली वयानें, आपल्या अंथरुणावर. त्या महिन्यांत आपल्याकडील घराघरांतून काय चाललें होतें, तें वाचकांस सांगावयास नको. जर्मनीनेंहि भारतांतून येणाऱ्यांवर कडक निर्बंध घातले होते. मी निघतें म्हटलें असतें तरी निघणें आणि परतणें अवघडच होतें. माझा राग त्याचा नव्हताच. राग हा, कीं मला तें पांचव्या दिवशीं कळविण्यांत आलें. त्या आठवड्यांत मला प्रबंधाच्या विषयावर प्राध्यापकांपुढें बोलावयाचें होतें. तें पार पडेपर्यंत घरांत सर्वांनीं तोंडाला कुलूप घातलें. मधल्या दिवसांत मीं दोनदां फोन केला. "आजीला दे," म्हटलें, तेव्हां आई म्हणाली, "आतांच डोळा लागलाय त्यांचा." तें वाक्य मला पुढें दोन वर्षें ऐकूं येत राहिलें.

मी भांडलें नाहीं. भांडलें असतें तर बरें झालें असतें. रविवारचे फोन चालूच राहिले: हवा कशी आहे, जेवलीस का, अभ्यास कुठवर आला. २०२२ च्या हिवाळ्यांत घरीं जाण्यापुरते पैसेहि होते आणि सुटीहि होती. मीं प्रयोगशाळेचें काम पुढें केलें व गेलें नाहीं. एकत्र कुटुंबांत रुसणें सोपें असतें. कोणी काकू, कोणी आत्या मध्यें पडते, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच पंगतीला बसावें लागतें. हजारों मैलांवरून रुसलें म्हणजे मध्यें पडावयास कोणी नसतें, आणि रुसवा उगीचच टिकतो.

अखेर आत्यानेंच मनावर घेतलें. युरोपखंड दोन आठवड्यांत दाखविणाऱ्या आपल्याकडील सहल-कंपन्या आतां घरोघर ठाऊक झाल्या आहेत. तसल्या एका सहलींत तिनें स्वतःसह आईबाबांचीं नांवें परस्पर घातलीं, पैसे भरले, आणि मग घरांत सांगितलें. पॅरिस, तेथून ब्लॅक फॉरेस्ट, ऱ्हाइनचा धबधबा आणि पुढें स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर असा त्यांचा मार्ग. ब्लॅक फॉरेस्टमधील टिटिझे हें तळें माझ्या गांवापासून गाडीनें जेमतेम पाऊण तासावर. पण तेथें त्यांचा थांबा अर्ध्या-पाऊण तासाचा, तोहि कोकिळेच्या घड्याळांच्या दुकानांत. रात्रीपुरते आईबाबांना माझ्याकडे सोडा, असें मीं सहलीबरोबरच्या तरुण व्यवस्थापकास फोनवर विनविलें. तो भला होता, पण नियमापुढें त्याचें चालेना. "ताई, धबधब्यापाशीं दीड तास आहे. तो सगळा तुमचा," असें तो म्हणाला.

फ्रायबुर्गहून सरळ गाडीनें गेलें असतें तर तीन तासांत तेथें पोंचलें असतें. परंतु साडेतीन वर्षांनीं बाबांपुढें रिकाम्या हातीं उभें राहावें असें मला वाटेना. चॉकलेटें त्यांना स्वित्झर्लंडांत हवीं तेवढीं मिळणार होतीं. बाबांना आवडेल अशी वस्तु एकच, ती म्हणजे एखाद्या नदीची खरी हकीगत. आणि तशी एक हकीगत माझ्या वाटेवरच होती. मीं चार दिवस मोकळे केले आणि पाठपिशवी भरली: दोन कपडे, पावसाळी झगा, जाड स्वेटर, लोंकरी हातमोजे, पाव, चीज, नकाशा. ह्या डोंगराळ मुलखांत मे महिन्यांतहि पहांटे बोटें गारठतात. सगळें मिळून ओझें नऊ किलो. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून जर्मनींत एकूणपन्नास युरोंचें एक मासिक तिकीट सुरू झालें होतें. त्यावर साऱ्या देशांत हिंडतां येई, मात्र फक्त मंदगतीच्या गाड्यांनीं. पुढें त्याची किंमत वाढली. विद्यार्थ्यांना मंद गाड्यांचें दुःख नसतें.

फ्रायबुर्गच्या पूर्वेस गाडी डोंगरांत शिरते. तेथें 'स्वर्गराज्य' अशा अर्थाच्या नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे, आणि तें मागें पडतांच जी अरुंद, काळोखी दरी लागते तिचें नांव 'नरकाची दरी'. स्वर्गाच्या स्टेशनावर उतरणारें त्या दिवशीं कोणीच नव्हतें. ह्याच दरींतून १७७० सालीं ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत फ्रान्सकडे सासरीं गेली. तिच्या मिरवणुकीसाठीं येथील वाट रुंद करण्यांत आली. तेव्हां ती चौदा वर्षांची होती. त्यानंतर आईची आणि तिची भेट कधींच झाली नाहीं. राज्यक्रांतींत तिचें पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक असतें. पण मला त्या गाडींत हीच गोष्ट अधिक टोंचली.

डोंगर ओलांडल्यावर डोनाउएशिंगेन हें गांव येतें. तेथें एका गोल दगडी कुंडांत निर्मळ झरा आहे, आणि हाच डान्यूब नदीचा उगम असें मानतात. भूगोलवाले म्हणतात, ब्रिगाख व ब्रेग ह्या दोन ओढ्यांचा संगम होतो तेथून पुढें डान्यूब. त्यांपैकीं ब्रेगच्या कांठचे लोक म्हणतात, खरा उगम आमच्याकडे. उगमाचे वाद सर्वत्र सारखेच. महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पांच नद्यांच्या धारा आजी मला हात धरून दाखवीत असे. पलीकडे आणखी दोन कोरड्या जागा आहेत. त्यांतून बारा वर्षांनीं भागीरथी आणि साठ वर्षांनीं सरस्वती येते, अशी परंपरेची समजूत. "मग मधल्या वर्षांत ती असते कुठें?" असें मीं लहानपणीं विचारलें होतें. "असते कुठेंतरी. तिला का तुला विचारून यायचें आहे?" हें आजीचें उत्तर.

दुसऱ्या दिवशीं मी इमेंडिंगेन येथें उतरलें आणि नदीकांठानें चालूं लागलें. बाबांना सांगण्याची हकीगत ती येथली. ह्या ठिकाणीं डान्यूब नदी जमिनींत मुरते. खालीं चुनखडीचा खडक. त्याच्या भेगांतून पाणी खोल उतरतें, आणि उन्हाळ्यांत कित्येक दिवस पात्र अगदीं कोरडें पडून लोक त्यांतून चालत जातात. मी गेलें तेव्हां पावसाळी वसंत होता. पाणी अजून वाहत होतें. पण कांठाशीं बसून पाहिलें तर दगडगोट्यांमध्यें लहान लहान भोवरे फिरत होते, आणि एखादें वाळकें पान त्यांत येऊन थांबे, गरगरे आणि जागच्या जागीं अडकून राही. त्याच्याखालचें पाणी मात्र निघून गेलेलें असे. आवाज अगदीं थोडा, तान्हें मूल दूध पितांना होतो तेवढा. तेथें मी दोन तास बसलें. शिक्षणानें मला ह्या प्रकाराचें नांव व सूत्र दोन्ही दिलीं होतीं; पण इतकी मोठी नदी इतक्या निमूटपणें नाहींशी होतांना पाहणें निराळें.

तें पाणी निघतें कोठें, ह्यावरून एकेकाळीं मोठें भांडण होतें. दक्षिणेस सुमारें बारा किलोमीटरांवर आख नांवाच्या गांवीं एक प्रचंड झरा आहे, आणि त्याच्या पाण्यावर तेथल्या गिरण्या चालत. नदीच्या खालच्या अंगाचे लोक म्हणत, हें आमचें पाणी. अखेर १८७७ सालीं क्नोप नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें इमेंडिंगेनजवळ नदींत मीठ व एक चकाकणारा रंग ओतविला, आणि सुमारें साठ तासांनीं आखचा झरा हिरवागार होऊन वर आला. भांडण त्यानें मिटलें नाहीं. वुर्टेम्बर्ग व बाडेन ह्या दोन राज्यांचा ह्या पाण्यावरील खटला १९२७ सालीं जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयापुढें होता. कृष्णेच्या पाण्याचे तंटे ज्यांनीं जवळून पाहिले त्या बाबांना हें ऐकून बरें वाटेल, असें मनांत म्हणत मी तिसऱ्या दिवशीं टेकड्या व शेतें ओलांडून आखला पोंचलें. झाडींत निळेंहिरवें कुंड, आणि त्याच्या मधोमध पाणी खालून फुगून वर येत असलेलें. सेकंदाला सरासरी साडेआठ हजार लिटर. येथून हें पाणी बोडेन्झे ह्या विस्तीर्ण सरोवरांत व तेथून ऱ्हाइनमध्यें जातें. म्हणजे काळ्या समुद्राला निघालेलें पाणी, मध्यें बारा किलोमीटर अंधारांतून जाऊन, उत्तर समुद्राला मिळतें.

रात्र सिंगेनला एका सहाध्यायिनीच्या घरीं काढली. त्या गांवावर होहेनट्वील नांवाचा ज्वालामुखीच्या खडकाचा किल्ला आहे. संध्याकाळीं तो पाहून पांडवगड आठवला. चौथ्या दिवशीं सकाळीं सीमा ओलांडून शाफहौझेनला उतरलें आणि ऱ्हाइनच्या कडेनें पाऊण-एक तास चालत धबधबा गांठला. रुंदी दीडशें मीटर, उंची तेवीस. उंचीनें आपल्याकडील पावसाळी धबधबेहि त्याला हंसतील. पण पाणी! मध्यें दोन कातळ उभे, आणि त्यांच्या दोहों बाजूंनीं अख्खी नदी पांढरी होऊन कोसळते. मी एक वाजतांच तेथें जाऊन बसलें. अडीच वाजतां बस आली.

एकसारख्या टोप्या घातलेलीं बेचाळीस माणसें खालीं उतरलीं. त्यांत आईला मीं आधीं ओळखलेंच नाहीं. पंजाबी पोशाख आणि पायांत पांढरे बूट अशा वेषांत मीं तिला जन्मांत पाहिलें नव्हतें. बाबा वाळले होते, आणि पायऱ्या उतरतांना कठडा धरीत होते. फोनच्या चौकटींत माणसाचा चेहरा दिसतो, चाल दिसत नाहीं. पाठपिशवी काढण्याचें भान न राहून मी तशीच वांकलें, तों नऊ किलो ओझें मानेवरून पुढें आलें आणि बाबांच्या पायांवर डोकें ठेवण्याऐवजीं मी जवळजवळ त्यांच्या अंगावर कोसळलें. आत्या मोठ्यानें हंसली, आणि त्या हंसण्यामुळेंच पहिलीं दोन मिनिटें निभावलीं.

आत्या मंडळींबरोबर होडींतून कातळाकडे गेली. आम्ही तिघें एका झाडाखालच्या बांकावर बसलों. आईनें आधीं डबा उघडला. गूळपोळी, तिच्यावर तुपाची पुडी रिती केलेली, शिवाय मेतकूट आणि भाजलेले पोह्यांचे पापड. पॅरिसहून हें सारें हातांतल्या पिशवींत आलें होतें. "खा आधीं," ती म्हणाली. मी खात होतें, ती पाहत होती, आणि बाबा धबधब्याकडे तोंड करून बसले होते. दीड तासांतला अर्धा तास असा गेला. शेवटीं मीं माझी शिदोरी काढली.

"बाबा, ह्या पाण्यांत थोडी डान्यूब आहे."

"ती कशी? डान्यूब काळ्या समुद्राला जाते."

मीं सगळें सांगितलें: भोवरे, चुनखडी, खटला, आखचें कुंड. धबधब्याच्या आवाजामुळें जवळजवळ ओरडून सांगावें लागत होतें. बाबांचे डोळे हळूहळू पूर्वीसारखे झाले. "साडेआठ हजार लिटर म्हणजे तीनशें क्युसेक," ते म्हणाले. "आणि इथें?"

"उन्हाळ्यांत सहाशें घनमीटर."

"एकवीस हजार. म्हणजे सत्तर घागरींत एक घागर." मग जरा थांबून, "रंग टाकल्यावर वर यायला किती वेळ लागला म्हणालीस?"

"साठ तास."

बाबा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग पाण्याकडेच पाहत म्हणाले, "साठ तास. अडीच दिवस. आम्हीं तुला पांच लावले."

आई घाईनें म्हणाली, "आईच म्हणाल्या होत्या, पोरीचें काम होऊं द्या, मग कळवा म्हणून—"

"म्हणाली होती," बाबा म्हणाले. "पण ठरवलें मीं. फोनवर तसें बोलायला तुझ्या आईला मींच लावलें. त्यानंतर ही दोन दिवस जेवली नव्हती. तुला सांगायला हवें होतें."

बाबांना कोणाची क्षमा मागतांना मीं कधीं पाहिलें नव्हतें, आणि तो शब्द त्यांनीं तेव्हांहि उच्चारला नाहीं. चार दिवस चालतांना मीं कांहीं वाक्यें जुळवून ठेविलीं होतीं. फार चांगलीं होतीं तीं. त्यांतलें एकहि आठवेना. "हिवाळ्यांत मला येतां आलें असतें," एवढेंच मी म्हणालें. "प्रयोगशाळेचें निमित्त होतें."

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

"शेवटीं तिनें काय मागितलें?"

"ताक. जिरें लावलेलें. दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, आंबट झालंय."

ह्यावर आम्हांला तिघांनाहि एकदम हंसूं आलें. आजीच्या तोंडून ताकाला बरें असें कधीं निघालेंच नव्हतें. हंसतां हंसतां आईनें डोळ्यांना पदर लावावयास हात नेला, आणि पदर नव्हता, ओढणी होती. ती शोधण्यांत आणखी थोडा वेळ गेला.

तेवढ्यांत आत्या निथळत परत आली. "अगं, काय तें पाणी! आणि तुम्ही तिघें इथें रडत बसलांत? होडीचे पैसे फुकट गेले कीं नाहीं!" तिनें बसमधून एक बोचकें आणविलें. आजीच्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी. आजीनें ती माझ्यासाठीं धरली होती; तीन भाग तिच्या हातचे, उरलेला काकूनें पुरा केलेला. टांके पाहिल्याबरोबर तें कळत होतें: आजीचे बारीक व किंचित् वांकडे, काकूचे सरळ. माझ्या पाठपिशवींत ती कशी मावावी? मग मीं जाड स्वेटर व हातमोजे बाहेर काढले आणि बाबांना दिले. दुसऱ्या दिवशीं त्यांना युंगफ्राउयोखला जावयाचें होतें, साडेतीन हजार मीटरांजवळच्या उंचीवर, आणि त्यांच्याकडे होती एक कानटोपी व महाबळेश्वरीं घ्यावयाची शाल. इतकें करूनहि गोधडीचें एक टोंक पिशवीबाहेर राहिलेंच.

चारला पांच मिनिटें असतांना व्यवस्थापकानें झेंडा वर केला. बाबा चढतांना म्हणाले, "त्या खटल्याचा निकाल काय लागला, तें लिहून पाठव. सविस्तर." बस सुटली.

परतीच्या गाडींत तिकीट-तपासनीसानें तिकीट पाहून झाल्यावर त्या लोंबत्या टोंकाकडे बोट दाखविलें आणि सुंदर आहे म्हणाला. 'गोधडी'ला जर्मन शब्द मला चटकन् सुचेना. "आजीनें शिवली," असें मीं सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं बाबांचा फोन आला, पण वाऱ्यामुळें कांहीं ऐकूं येईना. मग आईनें एक छायाचित्र पाठविलें. मागें बर्फ, पुढें तिघें जण. माझा स्वेटर बाबांच्या अंगांत होता, जरा आंखूड. हातमोजे मात्र आत्याच्या हातांत होते, आणि बाबा हात खिशांत घालून उभे होते.